शांतता समितीच्या हजेरीपत्रकातील एक रकाना

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सण तोंडावर आले की तालुक्याच्या पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते आणि दुसऱ्या दिवशी तिची बातमी आपल्या दैनिकात येते. 'दोन्ही समाजांनी सण एकोप्याने साजरे करावेत, असे आवाहन करण्यात आले,' हे त्या बातमीतील वाक्य बहुधा ठरलेले असते. मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ३२ वर्षे शिक्षिका होते आणि आता निवृत्त आहे. गेली काही वर्षे या बैठकांचे बोलावणे येते म्हणून मी जाते, आणि त्या अनुभवावरून त्या वाक्यातील 'दोन्ही' या शब्दाविषयी आपल्या वाचकांपुढे काही मांडावे असे फार दिवस मनात होते.

मागच्या एका बैठकीत माझ्या शेजारी माझे जुने सहकारी बसले होते. ते विज्ञानाचे शिक्षक. कळू लागल्यापासून त्यांनी कोणताही धार्मिक विधी केलेला नाही, वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे देहदान केले, आणि तरीही गावातल्या कोणाच्याही घरच्या मयतीला ते सर्वांत आधी पोहोचतात. हजेरीची वही फिरत फिरत आमच्यापर्यंत आली. तिच्यात पट्टीने रकाने आखले होते : अनुक्रमांक, नाव, समाज, मोबाईल क्रमांक, सही. सरांनी नाव लिहिले, पुढच्या रकान्यावर पेन थोडा वेळ धरून ठेवले आणि तो रकाना मोकळा सोडून मोबाईल क्रमांक लिहिला. वही परत घेताना हवालदारांनी ते पाहिले आणि अगदी आदराने म्हणाले, "राहू द्या सर, आडनाव आहे ना, आम्ही टाकतो." आणि त्यांनी तो रकाना भरला. हवालदारांना मी दोष देत नाही, कारण त्यांना वही तशीच आखून मिळाली होती. परंतु जो माणूस गावात शांतता राहावी म्हणून स्वतःहून आला, त्याला आत बसण्यासाठी आपण न मानलेली ओळख लावून घ्यावी लागली, ही गोष्ट मला त्या दिवशी लागली आणि अजूनही लागून आहे. हे मी एकादशी न चुकवणारी बाई म्हणून लिहिते आहे. माझी श्रद्धा मला जितकी जवळची, तितकाच त्यांचा विवेक त्यांना जवळचा आहे, हे मी त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवताना वर्षानुवर्षे पाहिले आहे.

त्या बैठकीला साठ-पासष्ट माणसे होती आणि त्यांत आम्ही तिघी बायका होतो. पुढच्या रांगेत पक्षांचे पदाधिकारी, माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष आणि दोन-तीन धर्मगुरू बसले होते. मिरवणूक आणि जुलूस ज्यांच्या हाताने प्रत्यक्ष चालतात, म्हणजे ढोल वाजवणारी, झेंडे धरणारी, डीजेच्या गाडीसमोर नाचणारी १७ ते २५ वयाची मुले, ती ठाण्याच्या फाटकाबाहेर मोटारसायकलींवर आपापल्या अध्यक्षांची वाट पाहत बसली होती. मोंढ्यातला एकही हमाल नव्हता, रिक्षावाला नव्हता, आशाताई नव्हती, डॉक्टर नव्हता. बौद्ध वस्तीतून एकाच गृहस्थांना बोलावले होते. पारधी आणि वैदू वस्तीतून कोणालाच निरोप नव्हता. आम्हा तिघींना शेवटी 'ताई, दोन शब्द बोला' असे सांगण्यात आले, तेव्हा चहाचे कप गोळा होऊ लागले होते.

'दोन्ही समाज' असे म्हटले की मराठवाड्यातला मोठा भाग त्या शब्दाबाहेर राहतो, आणि आमच्या भागात अनेकदा आग लागली ती त्या बाहेर राहिलेल्या भागातच. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, ते हिंदू-मुस्लिम तेढीतून झाले नव्हते. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्या साडेपंधरा वर्षांत एकेका गावात शेजाऱ्याशी शेजारी बोलेनासा झाला, हे मी माझ्या नोकरीच्या पहिल्या गावी डोळ्यांनी पाहिले आहे. अगदी अलीकडे, १० डिसेंबर २०२४ रोजी, परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पुढे न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. आरक्षणाच्या प्रश्नावरून बीड, जालना आणि आमच्याही जिल्ह्यात एकाच आळीतली, एकाच सप्ताहात टाळ धरणारी माणसे एकमेकांच्या दुकानाची पायरी चढेनाशी झाल्याचे दिसते. यांतल्या कोणत्या प्रसंगाला 'दोन्ही समाजांनी एकोप्याने राहावे' हे वाक्य लागू पडते? समितीच जर दोन धर्मांच्या हिशेबाने भरली असेल, तर जातीच्या तेढीची बातमी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि पोहोचली तरी तिथे बसलेल्या कोणाचाही त्या वस्तीत शब्द चालत नाही.

याहून खोल एक अडचण आहे. माणसाला आपण त्याच्या धर्माचा प्रतिनिधी म्हणूनच बोलावले, तर तो प्रतिनिधी म्हणूनच बोलतो. एरवी जो माझ्याकडे मुलीच्या अभ्यासाची चौकशी करतो, गल्लीतल्या गटाराविषयी तळमळीने बोलतो, तोच गृहस्थ त्या खुर्चीवर बसला की 'आमच्या समाजाची भावना' या शब्दांनी सुरुवात करतो, कारण त्याला त्याच नात्याने तिथे बसवलेले असते आणि बाहेर त्याचे लोक त्याच नात्याने त्याला जाब विचारणार असतात. अशा बैठकीतून तडजोड निघू शकते, मिरवणुकीचा मार्ग ठरू शकतो, भोंग्याची वेळ ठरू शकते. ही कामे मी मुळीच कमी लेखत नाही. मात्र परस्परांवरचा विश्वास तिथे तयार होत नाही. तो दुसऱ्या कामांत तयार होतो, आणि त्या कामांत धर्माची खुर्ची नसते.

मी हे कशावरून म्हणते, ते सांगते. २०१५-१६ च्या दुष्काळात लातूरची काय अवस्था होती, ते वाचकांना आठवत असेल. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याआधी, मार्च २०१६ मध्ये, पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला. जे कलम दंगलीसाठी वापरतात, तेच पाण्यासाठी वापरण्याची वेळ आली होती. आमच्या गावातही त्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी टँकर येत असे. टँकर आला की नळी ज्याच्या हाती त्याचे पाणी, अशी स्थिती होती आणि दोनदा डोकी फुटली. तेव्हा तीन बायकांनी मिळून टँकरची वही सुरू केली. एक आमच्या गल्लीतली बचत गटाची सचिव, एक भीमनगरची अंगणवाडीताई आणि एक मनियार गल्लीतली बांगड्या विकणारी आपा. चौकोनी रेघांच्या शंभर पानी वहीत घरागणिक माणसे लिहिली, माणशी दोन घागरी ठरवल्या, बाळंतीण आणि आजारी माणूस असेल तिथे एक घागर जास्त. ज्या दिवशी आमच्या गल्लीत टँकर येई, त्या दिवशी वही आपांच्या हातात असे, आणि मनियार गल्लीत टँकर जाई तेव्हा अंगणवाडीताईंच्या. आपल्याच गल्लीत आपण वही धरायची नाही, हा नियम त्या तिघींनी कोणाला न विचारता केला होता. ती वही आजही माझ्याकडे आहे. तिच्या पानांवर पाण्याचे डाग आहेत आणि दोन लिप्यांत खुणा आहेत, कारण आपांना उर्दूच लिहिता येत असे.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री नऊच्या सुमारास एका १७ वर्षांच्या मुलाने मोबाईलवर ठेवलेल्या स्टेटसवरून बसस्थानकासमोर जमाव जमला. शटर धडाधड खाली आले. शांतता समितीच्या सदस्यांना फोन गेले. काहींचे फोन बंद होते, काहींनी सकाळी येतो म्हणून सांगितले, आणि दोघेजण आले ते आपापल्या लोकांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्या रात्री मुलाच्या आईला घराबाहेर आणून, पदर धरून, समोरच्या बाजूच्या वडीलधाऱ्यांपुढे नेऊन उभे केले ते मनियार गल्लीच्या आपांनी आणि भीमनगरच्या ताईंनी. त्या मुलाचे घर त्यांना विचारावे लागले नाही, कारण त्या घरात माणसे किती आणि घागरी किती, हे त्यांना तोंडपाठ होते. कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका तरुणाने तो फोटो शोधून दाखवला. तो दुसऱ्या राज्यातला आणि कित्येक वर्षांपूर्वीचा होता. आईने सर्वांदेखत मुलाला स्टेटस काढायला लावले. अकरा वाजेपर्यंत जमाव पांगला. पोलिसांनी तोवर बंदोबस्त लावला होता, आणि तो लावला नसता तर केवळ बायकांच्या शब्दाने काही झाले नसते, हेही तेवढेच खरे आहे. पण बंदोबस्ताने जमाव अडवला, आणि घरी परत पाठवला तो पाण्याच्या वहीने, असे मला मनापासून वाटते.

हा केवळ माझ्या गावचा योगायोग आहे असे कोणी म्हणेल, म्हणून महाराष्ट्रातलेच एक उदाहरण देते. भिवंडीत १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली भीषण दंगली झाल्या. त्यानंतर तिथे आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतल्या सामान्य रहिवाशांना जागा दिली, एकेका समितीची जबाबदारी एकेका पोलीस कर्मचाऱ्यावर सोपवली आणि बैठका सणापुरत्या न ठेवता सतत घेतल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे तिथे ९०० माणसे मेली, आणि दंगलीसाठीच ज्या गावाचे नाव घेतले जात असे ते भिवंडी शांत राहिले. पुढे मुंबईतही त्याच वाटेने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या जोड्या घेऊन काही शहरे पुन्हा पुन्हा का पेटतात आणि काही का पेटत नाहीत, याचा शोध घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की, शेजारपाजारचे येणे-जाणे, सणाला शिरखुर्मा आणि पुरणपोळी पोहोचवणे हे चांगलेच आहे, परंतु मोठ्या शहरात आणि ताणाच्या वेळी ते पुरे पडत नाही. तिथे टिकतात त्या व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, व्यावसायिकांच्या, वाचकांच्या संघटना, ज्यांत दोन्हीकडची माणसे पोटापाण्याच्या किंवा आवडीच्या कामासाठी एकत्र बांधलेली असतात. आमच्या मोंढ्यात हमालांची टोळी पाहिली की मला हे लगेच पटते. एकाच पोत्याला दोन्ही बाजूंनी हात घालणारी माणसे आपला मुकादम निवडताना धर्म पाहत नाहीत. तो मुकादम शांतता समितीत असला पाहिजे, आणि तो मुकादम म्हणूनच असला पाहिजे.

आपल्या राज्याने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालवली, गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या आणि बांधावरचे, भावकीतले कितीतरी वाद त्यांनी कोर्टाबाहेर मिटवले. तो सांगाडा आपल्याकडे अजून आहे. त्याला पुन्हा जीव लावणे शासनाला अवघड नाही. पण याविषयी अधिक लिहीत नाही.

आता ज्यांच्याविषयी बोलणे मला सर्वांत अवघड जाते, त्या माझ्याच दोन बाजूंच्या माणसांविषयी लिहिते.

आमच्या भागातले पुरोगामी, विवेकवादी कार्यकर्ते माझे स्नेही आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा मी त्यांच्याबरोबर मूक फेरीत चालले आहे. तरीही मला त्यांना सांगावेसे वाटते की, सलोख्याचे तुमचे कार्यक्रम ज्या सभागृहात होतात तिथे आधीच सलोखा मानणारी माणसे येतात. ज्या गावात सात दिवस अखंड हरिनाम सप्ताह चालतो आणि काल्याच्या कीर्तनाला पाच हजार माणसे जेवतात, तिथल्या महाराजांशी तुमची तोंडओळखही नसते. जुम्याला तीनशे माणसे ज्यांचे ऐकतात त्या मौलानांना तुम्ही कधी भेटलेले नसता. ज्याच्या शब्दाने जमाव थांबू शकतो, त्याला 'धर्माचा माणूस' म्हणून बाजूला ठेवले तर थांबवणार कोण? श्रद्धा ही आधी सोडायची आणि मग माणुसकीच्या कामाला यायचे, अशी अट घातली तर मराठवाड्यात कामाला माणसे मिळायची नाहीत.

आणि आम्हा श्रद्धावंतांनाही तेवढेच सांगायचे आहे. सर्वधर्म सभेच्या व्यासपीठावर चार धर्मांचे चार गुरू बसवले की सर्व माणसे आली, असे आपण धरून चालतो. ज्याला देव मान्य नाही, तो आपल्या दृष्टीने एक तर कोणाचाच नसतो किंवा सगळ्यांच्या विरुद्ध असतो. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात मात्र धर्म आचरण्याच्या स्वातंत्र्याच्या आधी 'सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य' हे शब्द आले आहेत. माझ्या एकादशीला आणि सरांच्या देव न मानण्याला एकाच अनुच्छेदाचे छत्र आहे. १९७६ च्या दुरुस्तीने घातलेल्या मूलभूत कर्तव्यांतही बंधुभाव वाढवणे आणि विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन वाढवणे ही दोन कर्तव्ये एकाच यादीत आहेत. ज्यांनी ती यादी केली, त्यांना या दोहोंत भांडण दिसले नव्हते.

आमच्या मातीत तर हे आधीच होऊन गेले आहे. हैदराबाद संस्थानच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व भगवी वस्त्रे घातलेल्या संन्याशाने केले. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला शिक्षक होते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून जे गोविंदभाई श्रॉफ लढले, त्यांच्यावर मार्क्सवादी विचारांचा ठसा होता. संन्यासी आणि मार्क्सवादी यांची मते किती ठिकाणी जुळत नसतील याची कल्पना कोणीही करू शकतो. ती जुळेपर्यंत दोघे थांबले असते, तर १७ सप्टेंबर १९४८ कोणत्या वाटेने आला असता, कोण जाणे. त्याच लढ्यात हैदराबादचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहितात म्हणून रझाकारांकडून ऑगस्ट १९४८ मध्ये मारले गेले. दरवर्षी मुक्तिसंग्रामदिनी शाळेत मी मुलांना हे नाव सांगत असे. आणि याच इतिहासाची दुसरी बाजूही आपण मनात दाबून ठेवू नये. रझाकारांनी केलेले अत्याचार जसे आमच्या आजीच्या तोंडून मी ऐकले, तसे पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या खेड्यांत निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, ती आपांच्या आजीने पाहिली होती. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षी इथे फिरून ती नोंदवली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. या दोन आजींच्या आठवणी आम्ही दोघींनी कितीतरी वर्षांनी, टँकरची वाट पाहत ओट्यावर बसलेल्या एका दुपारी, एकमेकींना सांगितल्या. दोघीही रडलो. शांतता समितीच्या कोणत्याही बैठकीत हे बोलायला जागा नसते, आणि जागा दिली तरी धर्माच्या प्रतिनिधींना ते बोलता येणार नाही, कारण तिथे प्रत्येकाला आपल्याच आजीची बाजू राखावी लागते.

माझी मागणी साधी आहे. हजेरीच्या वहीतला 'समाज' हा रकाना काढून तिथे 'वस्ती' आणि 'काम' असे दोन रकाने आखावेत. वस्ती कळली की कोणता भाग सुटला ते दिसेल आणि काम कळले की कोणते हात सुटले ते दिसेल. समितीत निम्म्या बायका असाव्यात, आणि त्या बचत गट, आशा, अंगणवाडी, भाजीबाजार अशा ठिकाणांहून याव्यात. फाटकाबाहेर बसणाऱ्या मुलांना आत खुर्ची मिळावी. बैठक महिन्यातून एकदा व्हावी, मग त्या महिन्यात सण असो वा नसो, आणि ती दर वेळी पोलीस ठाण्यातच न होता कधी वाचनालयात, कधी शाळेत व्हावी, कारण ठाण्याची पायरी चढायला अजूनही अनेक घरांतल्या बायका धजत नाहीत. मागच्या बैठकीत ठरलेले काम झाले की नाही, हे पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे. बैठकीची सुरुवात कोणत्याही एका प्रार्थनेने होऊ नये, आणि नमाजाच्या किंवा आरतीच्या वेळी कोणी उठून गेले तर त्याचा मान राखावा. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही.

आमच्या गावापुरती सुरुवात आम्ही केली आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही बसतो. पहिल्या वेळी अकरा माणसे आली. पहिलेच काम सरांनी आणले. ते म्हणाले, सण एकाच दिवशी आले की तुमची धावपळ होते, पण ते येणार हे तर आधीच कळू शकते. हिंदू आणि इस्लामी, दोन्ही महिने चंद्रावर चालतात, म्हणून शुद्ध एकादशी ही इस्लामी महिन्याची साधारण दहावी तारीख पडते. इस्लामी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान आणि ते तसेच पुढे सरकते, तर आपल्या पंचांगात साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतात. त्यामुळे दोन सण एकदा जवळ आले की दोन-तीन वर्षे जवळ राहतात आणि अधिक महिना आला की सुटतात. १० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३ या दोन्ही दिवशी आषाढी एकादशी आणि बकरी ईद बरोबर आली. २०२३ च्या अधिक श्रावणानंतर ती गाठ सुटली आणि १७ जुलै २०२४ व ६ जुलै २०२५ या आषाढीला मोहरमची दहावी आली. त्याच अधिक श्रावणामुळे २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षे अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी किंवा लागून आल्या. २८ सप्टेंबर २०२३ रोजी दोन्ही एकत्र आल्या तेव्हा राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम बांधवांनी आपला जुलूस एक दिवस पुढे नेला, हे आपल्या सर्वांच्या लक्षात असले पाहिजे. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने हीही गाठ सुटते.

सरांनी पुढच्या दहा वर्षांचा असा तक्ता करायला घेतला. तो तपासायला गावातले उपाध्ये आणि जामा मशिदीचे मौलाना वाचनालयाच्या त्या खोलीत एका टेबलाशी दोन तास बसले. मौलानांनी प्रत्येक इस्लामी तारखेपुढे 'चाँद दिसण्यावर एक दिवस मागे-पुढे' असे लिहायला लावले, उपाध्यांनी दोन तिथ्यांचा क्षय दाखवून दिला आणि सरांनी दोन्ही दुरुस्त्या लाल पेनने केल्या. आपांनी त्यात १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर आधी लिहा म्हणून सांगितले, कारण त्या तारखा हलत नाहीत. तो तक्ता आता वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लावला आहे. त्याची एक प्रत आम्ही पोलीस ठाण्यात दिली आणि सोबतच्या अर्जात हजेरीच्या वहीतला तो रकाना बदलण्याची विनंती केली. अर्जावर तेवीस सह्या आहेत. सह्यांपुढे आम्ही प्रत्येकाने फक्त वस्ती आणि काम लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान दर्गा आणि मारुतीचे मंदिर यांच्यामधल्या बोळातला दिवा गेले चार महिने बंद आहे, आणि पुढच्या रविवारी नगरपरिषदेत कोणी कोणी जायचे, हे ठरवायचे आहे.

हे पत्र आपण छापावे आणि मराठवाड्यातल्या इतर तालुक्यांत अशी वही कशी आखली जाते, हे तिथल्या वाचकांनीही आपल्या स्तंभातून कळवावे, अशी विनंती करते.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
जि. परभणी